सुरमई पास, काचेची खोली नापास

नाशिकला गंगापूर रोडवर, पहिल्या मजल्यावरचं मालवणी हॉटेल. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही तऱ्हा त्या एकट्याची नाही.

सुरमई तवा फ्राय झकास. रव्याचं आवरण पातळ, आत मासा रसरशीत. तिसऱ्यांचं सुकं जरा खारट, पण आईने बोटं चाटून खाल्लं. सोलकढीत नारळाला हात आखडलेला नाही. फक्त तिचा पहिला घोट घेतानाच नाकात सिगारेट शिरली.

बसलो होतो फॅमिली सेक्शनमध्ये. दाराशी धूम्रपानबंदीचा फलक रीतसर लावलेला, आणि कोपऱ्यात काचेची स्मोकिंग रूम. 2 ऑक्टोबर 2008 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ओढायला बंदी आहे, पण त्याच नियमांत 30 किंवा जास्त आसनांची रेस्टॉरंट, 30 किंवा जास्त खोल्यांची हॉटेलं आणि विमानतळ यांना वेगळी जागा ठेवायची मुभा आहे. अटीही आहेत: चारही बाजूंनी पूर्ण उंचीच्या भिंती, आपोआप मिटणारं दार, हवा थेट इमारतीबाहेर, आणि आत निगेटिव्ह प्रेशर. म्हणजे दाराच्या फटीतून हॉलची हवा आत ओढली जावी, आतली बाहेर येऊ नये.

माझा धंदा एसी डक्टिंगचा. उठलो आणि फटीशी टिश्यू पेपर धरला. तो आत ओढला जायला हवा होता, उलट माझ्याच मनगटावर फडफडायला लागला. बायको म्हणाली, "इथे तरी साइट व्हिजिट नको."

वर पाहिलं तर कारण समोरच होतं. सेंट्रल एसीचा मोठा ग्रिल खोलीत गार हवा ढकलतोय आणि बाहेर काढायला घरगुती स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन, त्याचंही तोंड फॉल्स सीलिंगमध्ये. मॅनेजरला विचारलं. म्हणाला, "साहेब, बाहेरून डक्ट काढायला सोसायटी परवानगी देत नाही." मग खोली कशाला काढली, याला उत्तर नव्हतं. डोअर क्लोजर होता, पण दाराला बिअरचा रिकामा क्रेट लावून ठेवलेला, कारण वेटरला दोन्ही हातांत ट्रे घेऊन आत जावं लागतं. नियमाप्रमाणे त्या खोलीत ओढण्याखेरीज दुसरी कुठलीही सेवा द्यायची नसते. इथे चकण्यासकट सगळं आत. गिऱ्हाईक तासाभरात घरी जातं, वेटरची अख्खी पाळी त्या धुरात.

हे काम मला दिलं तर चोख करून देईन, बिलही चोख लावेन. तरी माणूस दार उघडून बाहेर येतो तेव्हा थोडा धूर सोबत आणतोच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू कराराची 2007ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: वेगळी खोली किंवा वायुवीजन पुरेसं संरक्षण देत नाही. करारावर भारताचीही सही आहे. दंड मात्र 200 रुपयांपर्यंत. सुरमईची प्लेट त्याहून महाग.

गंमत म्हणजे आमच्या गल्लीतल्या वीसेक खुर्च्यांच्या खाणावळीला ही मुभाच नाही. तिथला ओढणारा मुकाट टपरीवर जातो आणि आत धूर असतो तो फोडणीचा.

इथे जायचंच तर दुपारी जा, खिडकीकडचं टेबल मागा. आम्ही यापुढे पार्सल आणणार. सोलकढी बाटलीत द्यायला सांगा, पिशवीत बांधलेली रस्त्यात गळते.