'व्यवसाय: शेती' लिहून विवाह ॲपवर काढलेले दहा महिने

वय ३४, द्राक्षबाग चार एकर, गाव तासगावपासून दहा किलोमीटरवर. गेल्या जूनमध्ये एका मोठ्या विवाह ॲपचं सहा महिन्यांचं पॅकेज ५,४०० रुपयांना घेतलं, डिसेंबरात मुदत वाढवली. ॲपचं नाव लिहीत नाही, कारण मित्रांनी दुसरी दोन वापरली, त्यांचं रडगाणंही हेच आहे. ज्यांचं प्रोफाइल 'सॉफ्टवेअर इंजिनिअर, हिंजवडी' असं सुरू होतं त्यांना यातलं फारसं कामाला येणार नाही.

पहिली अडचण फॉर्ममध्येच आली. वार्षिक उत्पन्नाचे रकाने आहेत, तीन ते पाच लाख, पाच ते सात लाख, असे. पगारदार माणूस त्यात बरोबर बसतो. बागायतदार कसा बसणार? एखाद्या वर्षी माल साधला, दर लागला, की खर्च जाऊन हातात दहा-बारा लाख राहतात. पुढच्या वर्षी ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला, डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आली, की औषध दुकानाची उधारीही फिटत नाही. मी तीन वर्षांची सरासरी काढून भरली. चुलतभाऊ म्हणाला, "चांगल्या सालाचं टाक की येड्या, सगळे तेच टाकतात."

मग ती निळी खूण. उत्पन्नाची खात्री केल्याची खूण प्रोफाइलवर दिसली तर स्थळं जास्त येतात असं ॲपच सांगतं. त्यासाठी सॅलरी स्लिप किंवा आयकर विवरणपत्र लागतं. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, दुसरं उत्पन्न नाही, म्हणून विवरणपत्र मी कधी भरलंच नव्हतं. सात-बारा आणि बेदाणा सौद्याच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, अपलोड केल्या. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं: 'कागदपत्र अमान्य'. फोन लावला. पलीकडच्या मुलीला सात-बारा म्हणजे काय हे माझ्या मोडक्या हिंदीत समजावण्यात वीस मिनिटं गेली. सगळं ऐकून ती म्हणाली, "सर, सॅलरी स्लिप नहीं है क्या?" ती खूण आजतागायत मिळालेली नाही. ज्याच्या नावावर जमीन आहे त्याचं उत्पन्न संशयास्पद आणि तीन महिन्यांपूर्वी चिकटलेल्या कंत्राटी पोराचं खात्रीचं, असा सगळा हिशेब आहे.

पहिल्या अडीच महिन्यांत ६१ ठिकाणी पसंती पाठवली. उत्तरं आली चार, त्यात दोन 'क्षमस्व'. मग चुलतभावाचं ऐकलं आणि 'शेती' काढून 'स्वतःचा व्यवसाय' केलं. फोटो तोच, वय तेच, पत्रिका तीच. एका महिन्यात १९ जणांकडून विचारणा आली. मला आधी बरं वाटलं, मग राग आला. फोनवर दुसऱ्या मिनिटाला प्रश्न यायचा, "नेमका कसला व्यवसाय?"

"द्राक्षं. बेदाणा करतो, थोडा माल एक्स्पोर्टला जातो."

"म्हणजे शेतीच की."

मग घरी विचारून कळवतो म्हणायचे. कळवलं कुणीच नाही. मिरजेकडचे एक काका तेवढे मोकळं बोलले. एकूण जमीन किती, बागायत किती, वाटण्या झाल्यात का, विहीर कुणाच्या हिश्शात, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाले, "स्थळ चांगलं आहे हो. फक्त तुम्ही पुण्यात नोकरीला असता तर जमलं असतं." मुलगीवाल्यांना जमीन हवी असते, ती कसणारा मुलगा नको असतो. गावात यावर रोज जोक होतात. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात लग्नाळू पोरांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला, तेव्हा आमच्या ग्रुपवर हसण्याच्या चिन्हांचा पाऊस पडला होता. मीही हसलो होतो. तेव्हा मी एकतिशीत होतो, घाई नव्हती.

इथपर्यंत लिहिलं ते कुठलाही शेतकरी पोरगा लिहील. दिवाळीला घर झाडताना मात्र आबांची, म्हणजे वडिलांची, जुनी वही सापडली. २०१६ साली ताईचं बघत होते, तेव्हाची. आबांच्या अक्षरात लिहिलंय: 'अपेक्षा - मुलगा निर्व्यसनी, नोकरदार, पुणे-मुंबई प्राधान्य, गावी शेती असावी.' खाली आलेल्या स्थळांची यादी. त्यात दोन बागायतदार, दोघांच्या नावावर फुली. एकाला तर मी ओळखतो, चांगला माणूस, त्याची बाग आमच्यापेक्षा सरस आहे. आई तेव्हा म्हणायची, "माझी पोर शेणात हात घालणार नाही." ताई आज पिंपरीत आहे, सुखात आहे. आता आई मला विचारते, लोकांना शेतकरी का नको झालाय. मी वही तिच्यापुढं ठेवली. तिनं चष्मा लावून वाचली आणि परत कपाटात ठेवून दिली.

आणि मुळात मुली आहेत किती? २००१ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्यात सहा वर्षांच्या आतल्या हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या. त्याच मुली आज पंचवीस-तिशीत आहेत, त्याच माझ्या वयाच्या पोरांना हव्यात, आणि त्यातल्या शिकलेल्या पुण्याला गेल्या. पोटात मुलगी आहे का बघायला सोनोग्राफीच्या पावत्या ज्यांनी फाडल्या त्यांचीच पोरं आज बिनलग्नाची बसलीत. ॲपवर अंतराची अट पन्नास किलोमीटर ठेवली की तीच ती तोंडं फिरून येतात, त्याचं कारण हे आहे.

अपेक्षांचा रकाना मी सुरुवातीला इतरांचा बघून भरला होता: 'सुशिक्षित, सुस्वभावी, घरकाम व शेतीची आवड असणारी, एकत्र कुटुंबात रमणारी.' दिवाळीला आलेल्या ताईनं ते वाचलं आणि विचारलं, "बायको बघतोयस का सालगडी?" मला लागलं ते. पण त्या रात्री बसून सगळं खोडलं. 'व्यवसाय' काढून परत 'शेती' टाकलं. अपेक्षांच्या जागी लिहिलं: 'गाव सोडणार नाही. घरी आई आणि आबा आहेत. दोन म्हशी आहेत, धार मी काढतो. संडास-बाथरूम घरातच आहे. सांगलीला जायला एसटीनं तास लागतो, तुमची नोकरी चालू राहावी असं मला वाटतं. सोसायटीचं पीककर्ज आहे, रक्कम भेटीत सांगेन.' जात अट नाही यावरही टिक केली. दोन दिवसांत मामांचा फोन आला, कारण भावकीतलं कुणीतरी त्याच ॲपवर होतं. मामांशी अजून पूर्ण बोलणं सुरू झालेलं नाही.

विचारणा १९ वरून महिन्याला दोन-तीनवर आल्या. पण फोन ठेवायची घाई कुणी केली नाही.

मधे दोन गोष्टी घडल्या, थोडक्यात सांगतो. एक डेटिंग ॲप टाकून बघितलं. नऊ किलोमीटरवर पहिलं प्रोफाइल दिसलं, उघडलं तर भावकीतली निघाली. त्याच मिनिटाला काढून टाकलं. दुसरं म्हणजे एजंट. माझा नंबर कुठून मिळाला माहीत नाही, पण ॲपवर आल्यावर पंधरा दिवसांत फोन सुरू झाले. एकानं लांबच्या जिल्ह्यातली मुलगी, आठवड्यात देवळात लग्न, दोन लाख रोख असं सांगितलं. मुलीशी बोलू द्या म्हटलं तर टाळत होता. शेजारच्या गावात अशीच आणलेली नवरी पाचव्या दिवशी दागिन्यांसकट गेली, घरच्यांनी लाजेपोटी पोलिसात तक्रारही दिली नाही. पैसे आधी मागणारा कुणीही असो, फोन ठेवा. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर १९३० ला लगेच लावा.

ॲपवाल्यांचं आणखी एक गणित जमत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात, छाटणीपासून मणी धरेपर्यंत, आम्ही बागेतून बाहेर नसतो. पाऊस झाला की पहाटे फवारणी, कधी संध्याकाळी परत. त्यातले काही आठवडे मी ॲप उघडलं नाही, तर त्यांनी प्रोफाइल 'निष्क्रिय' म्हणून मागं ढकललं. पैसे मात्र त्या दिवसांचेही कापले.

जानेवारीत एक मेसेज आला. आटपाडी तालुक्यातली, घरची डाळिंबं, सांगलीत औषध दुकानात फार्मासिस्ट, वय ३१. तिनं पहिला प्रश्न विचारला, "तुमच्याकडं मोटरची थ्री फेज लाईट दिवसाची असते का रात्रीची?" तोपर्यंत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. आठवडे बदलतात म्हटलं. "मग रात्रीच्या आठवड्यात मोटर चालू करायला कोण जातं?" मीच जातो. "साप?" बॅटरी आणि बूट असतात. मग तिनं कर्जाची रक्कम विचारली. मी सांगितली. तिनं तिच्या घरचीही सांगितली, आमच्यापेक्षा जास्त निघाली.

सांगलीत तीनदा भेटलो. तिची अट एकच आहे, नोकरी सोडणार नाही, आणि गावातून रोजचा प्रवास झेपला नाही तर आठवड्यातले चार दिवस सांगलीत खोली घेऊन राहणार. आईला हे अजून पटलेलं नाही. आबा म्हणतात, बघू. पत्रिका जुळत नाही, ३६ पैकी १४ गुण येतात आणि नाडी एकच निघाली. ताईच्या वेळी आबांनी वही केली होती तशी आता पत्रिका काढली, पण यावेळी जास्त बोलले नाहीत.

ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी: तीन महिन्यांचंच पॅकेज घ्या, एप्रिलमधली खरड छाटणी उरकल्यावर, म्हणजे वेळ मिळतो. महागडं 'सहायक' असलेलं पॅकेज घेऊ नका, तो सहायक आठवड्यातून एकदा फोन करून आपल्यालाच विचारतो की काही प्रगती आहे का. आपोआप नूतनीकरण पहिल्या दिवशीच बंद करा. ते सेटिंगमध्ये चार पायऱ्या आत लपवलंय. पाचपैकी दोन तारे देतो. एक तिचा मेसेज पोचवल्याबद्दल, दुसरा मुलींचे फोटो परवानगीशिवाय उघडत नाहीत म्हणून.

माझी मुदत २१ एप्रिलला संपते, पुढचे पैसे भरलेले नाहीत. मेमध्ये तिचे वडील येणार आहेत. त्यांनी निरोप दिलाय की घर नंतर बघू, आधी बाग दाखवा, आणि पाणी विहिरीचं आहे का कॅनॉलचं ते विचारलंय.