१०० मिलीमीटरची मॅक्रो लेन्स आणि फुलपाखरे : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

फुलपाखरांसाठी म्हणून घेतलेली १०० मिलीमीटरची मॅक्रो (अगदी जवळून मोठे चित्र घेणारी) लेन्स मी गेले अकरा महिने वापरते आहे. त्याआधीची तीन वर्षे ७०-३०० मिलीमीटरच्या साध्या झूम लेन्सवर भागवले होते. नव्या लेन्सच्या खोक्यावर १:१ हे प्रमाण ठळक छापलेले होते आणि खरे सांगायचे तर त्या आकड्यासाठीच मी ती घेतली. आठवड्यातून किमान दोन सकाळी ती हाताळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मोठ्या फुलपाखरांसाठी तो आकडा जवळपास कधीच उपयोगी पडत नाही. त्यांच्या अंड्यांसाठी, अळ्यांसाठी आणि कोषांसाठी मात्र त्याच्यावाचून चालत नाही. घेण्यापूर्वी हा फरक मला कोणी समजावून सांगितला असता तर पहिले दोन महिने वाया गेले नसते, म्हणून तो इथे सविस्तर मांडते.

१:१ याचा अर्थ असा की वस्तू प्रत्यक्षात जेवढी असते तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर, पडते. माझ्या कॅमेऱ्यातील एपीएस-सी या मापाचा सेन्सर साधारण २३.५ मिलीमीटर रुंद आहे, त्यामुळे या प्रमाणात त्याहून रुंद काहीही चौकटीत मावत नाही. प्लेन टायगर हे फुलपाखरू पंख पसरून बसले की सात-आठ सेंटीमीटर भरते. त्याच्यासाठी १:३ (प्रत्यक्षाच्या एक तृतीयांश) किंवा त्याहूनही थोडे कमी प्रमाण पुरते आणि आणखी जवळ गेले तर पंखांची टोके कापली जातात. शिवाय १:१ गाठायचे तर माझ्या लेन्सची पुढची काच आणि फुलपाखरू यांच्यात जेमतेम १४-१५ सेंटीमीटर अंतर उरते. ऊन वर आल्यावर अंग तापलेले फुलपाखरू माणसाला इतके जवळ येऊच देत नाही. त्याच्या संयुक्त डोळ्यांना बारीक तपशील आपल्याइतके दिसत नसले तरी हालचाल आणि सावली फार लवकर जाणवते. म्हणून आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बाजूने, खाली वाकून, पाय न उचलता सरकवत जाणे हाच खरा उपाय आहे. लेन्सचे हूडही (काचेभोवतीचे पुढे आलेले कडे) मी काढूनच ठेवते, कारण ते आधीच अपुऱ्या असलेल्या अंतरातले काही सेंटीमीटर खाते आणि वर स्वतःची सावली पाडते. ५०-६० मिलीमीटरच्या मॅक्रो लेन्सने याहूनही जवळ जावे लागते, त्यामुळे फुलपाखरांसाठी १०० मिलीमीटरपेक्षा कमी घेऊ नये असे मी स्पष्टपणे म्हणेन.

मोठ्यांची गोष्ट अशी असली तरी लायसेनिडी कुळातील इवल्याशा निळ्या फुलपाखरांबाबत हिशेब बदलतो. पंख मिटून बसलेले ग्रास ब्लू सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटरचे असते आणि ते चौकटीत भरून दिसायला १:१ च्या जवळपास जावेच लागते. हे साधते ते फक्त पहाटे. फुलपाखराला उडण्यासाठी छातीचे स्नायू पुरेसे तापवून घ्यावे लागतात. रात्रभर गवताच्या काडीवर झोपलेले फुलपाखरू उन्हाचा पहिला कवडसा पडेपर्यंत जागचे हलत नाही आणि मग हळूहळू उन्हाकडे अंग वळवते. त्या अर्ध्या-पाऊण तासात मी या लेन्सने जे काम केले ते झूम लेन्सने तीन वर्षांत झाले नव्हते. एकदा काडीवर बसलेले एक शेपटीवाले निळे फुलपाखरू मी बराच वेळ चौकटीत धरून होते. त्याचे मागचे दोन पंख एकमेकांवर वर-खाली घासले जात होते, एक पुढे तर दुसरा मागे, आणि त्या घासण्याने टोकाच्या दोन केसासारख्या शेपट्या मिशांसारख्या हलत होत्या. त्यांच्या मुळाशी काळा ठिपका, त्याभोवती नारिंगी कड. पंखांच्या मागच्या टोकाला खोटे डोके दाखवून शत्रूची चोच तिकडे वळवण्याची ही युक्ती माझ्या वाचनात होती, पण या लेन्समधून पाहताना माझा स्वतःचा फोकस दोनदा चुकीच्या टोकावर गेला.

फोकसविषयी जरा थांबून सांगायला हवे, कारण मॅक्रोमधले निम्मे अपयश तिथे होते. १:१ ला एफ ८ या अ‍ॅपर्चरवर (लेन्समधील प्रकाश येण्याच्या छिद्राच्या मापावर; आकडा मोठा तितके ते लहान) माझ्या सेन्सरसाठी डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली, अर्ध्या ते पाऊण मिलीमीटरच्या आसपास येते. १:३ ला तीच साडेतीन-चार मिलीमीटर होते. म्हणजे जवळ जाण्याचा मोह आवरला तर पंख आणि डोळा दोन्ही स्पष्ट येण्याची शक्यता कितीतरी वाढते, आणि मिटलेल्या पंखांना कॅमेऱ्याची पाठ अगदी समांतर धरली तर आणखी वाढते. अ‍ॅपर्चर एफ १६ च्या पुढे मिटवून काही साधत नाही, कारण विवर्तनामुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळेच चित्र मऊ पडते. १:१ ला सेन्सरवर पोचणारा प्रकाशही दोन स्टॉपने, म्हणजे चौथ्या हिश्शावर, घटतो, हे सुरुवातीला माझ्या ध्यानातच आले नव्हते. लेन्समधील स्थिरीकरण (हाताचा कंप सावरणारी सोय) १:३ पर्यंत चांगले काम करते, पण त्यापुढे त्याचा भरवसा धरू नये. शरीर पुढे-मागे डुलते ते त्याला सावरता येत नाही. आता मी प्रमाण आधी ठरवते, फोकस हाताने तिथेच ठेवते आणि श्वास रोखून सगळे शरीर केसभर पुढे झुकवत डोळा स्पष्ट दिसला की बटण दाबते. ऑटोफोकस मी १:३ च्या पुढे वापरतच नाही.

या लेन्सने माझे पैसे वसूल केले ते रुईच्या पानांवर. प्लेन टायगरची मादी रुईवर एकेक अंडे सुटे घालते. ते पांढरे, टोकदार, उभ्या धारा असलेले अंडे जेमतेम सव्वा मिलीमीटर उंच असते आणि नुसत्या डोळ्यांना चिकाच्या वाळक्या थेंबासारखे वाटते. १:१ प्रमाणात २४ मेगापिक्सेलच्या माझ्या सेन्सरवर ते सुमारे तीनशे पिक्सेल उंचीचे उमटते. इतक्यात त्याच्या धारा मोजता येतात. एका अंड्यावर मी सलग तीन दिवस जाऊन नजर ठेवली. तिसऱ्या दिवशी सकाळी अंड्याचे टोक काळसर झालेले दिसले. ते आतल्या अळीचे डोके होते, पातळ कवचातून जाणवणारे. थोड्या वेळाने टोकाच्या जरा खाली एक भोक पडले, ते कडेने कुरतडत मोठे होत गेले आणि काळे डोके बाहेर आले. पुढचे शरीर पांढुरके, जवळजवळ पारदर्शक होते. पानावर पूर्ण उतरल्यावर ती अळी पुढे न जाता मागे वळली आणि आपलेच कवच खाऊ लागली. तेवढ्या वेळात मी दीडशेच्या वर चित्रे घेतली आणि त्यांतली अकरा ठेवण्याजोगी निघाली. वारा पानाला हलवत होता. देठ मी एका हलक्या चिमट्याने काडीला टेकवून धरला होता, पान तोडले नव्हते. सोयीसाठी पान तोडून सावलीत नेणे किंवा फुलपाखरू शांत बसावे म्हणून थंड करणे हे प्रकार मला अजिबात मान्य नाहीत. चित्रासाठी तोडलेले पान कोमेजते आणि त्यावरच्या अळीचे अन्नही त्याच्याबरोबर संपते.

लिंबाच्या झाडावरही असेच झाले. कॉमन मॉर्मनच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात आणि शेवटच्या टप्प्यात एकदम हिरव्या होतात, हे ठाऊक असूनही झूम लेन्समधून त्या मला कधी सापडल्या नव्हत्या. मॅक्रो लेन्स आल्यापासून मी पानांची खालची बाजू बघू लागले. लेन्स माझ्यासाठी शोधून देत नाही, हे उघड आहे; पण दिसलेल्या ठिपक्याची खात्री पटवून देता येते म्हणून मी ठिपके शोधू लागले.

ओळख पटवण्यासाठी या लेन्सचा उपयोग मर्यादित आहे आणि याबाबत माझी अपेक्षा चुकली होती. ओळखीला अतिजवळचे चित्र लागत नाही, पंखांच्या दोन्ही बाजूंची स्वच्छ चित्रे लागतात. डॅनेड एगफ्लायची मादी प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल असते. मागच्या पंखाच्या वरच्या बाजूला मध्यभागी प्लेन टायगरला तीन-चार काळे ठिपके असतात, तर नक्कल करणाऱ्या मादीला वरच्या कडेजवळ एकच असतो. सुरुवातीच्या महिन्यांत मी डोक्याचे आणि सोंडेचे इतके सुंदर चित्र काढून आणले की तो मागचा पंख चौकटीबाहेर राहिला आणि नोंद अपुरी राहिली. आता नियम असा ठेवला आहे की आधी दुरून पंख मिटलेले, मग उघडलेले, आणि नंतरच जवळ. पहिली दोन चित्रे मिळाली नाहीत तर तिसऱ्याच्या मागे लागत नाही.

फ्लॅशविषयी एवढेच सांगते की तो डिफ्यूझरशिवाय (प्रकाश पसरवून मऊ करणाऱ्या पडद्याशिवाय) लावू नये. मॉर्फोसारख्या अनेक फुलपाखरांचा निळा रंग हा रंगद्रव्याचा नसून खवल्यांच्या अतिसूक्ष्म रचनेवरून प्रकाश परतण्याने तयार होतो. समोरून थेट फ्लॅश पडला की तो एकतर भडकतो किंवा पांढरा फटक पडतो. अंडी-अळ्यांसाठी डिफ्यूझर लावलेला फ्लॅश उत्तम, चमकत्या निळ्या पंखांसाठी उघड्या आकाशाचा मऊ उजेड.

लेन्सचे दोष सांगायलाच हवेत. कमी उजेडात फोकस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिंदकळत राहतो आणि त्या दोन सेकंदांत अंडे घालून मादी निघून गेलेली असते; माझ्या हातून असे तीन प्रसंग निसटले. फोकसची मर्यादा ठरवणारी कळ पिशवीत घासली जाऊन आपोआप सरकते, म्हणून आता तिच्यावर कागदी चिकटपट्टी लावली आहे. सातव्या महिन्यात फोकसची कडी सैल झाली. दुरुस्ती केंद्राने लेन्स पाच आठवडे ठेवून घेतली, दोनदा तारीख पुढे ढकलली आणि नेमका अळ्यांचा भर असलेला काळ गेला. त्याचे मला अजून वाईट वाटते. दुरुस्तीनंतर मात्र कडी व्यवस्थित चालते आहे.

लेन्सइतकीच महत्त्वाची वाटलेली आणखी एक गोष्ट लिहिते. ब्रिटनमध्ये १९७६ पासून फुलपाखरांची नियमित मोजणी चालते. तिच्यात ठरलेल्या वाटेवरून संथ चालत, दोन्ही बाजूंच्या मिळून पाच मीटरच्या पट्ट्यात आणि समोरच्या पाच मीटर अंतरात दिसतील तेवढीच फुलपाखरे मोजायची, अशी एर्नी पोलार्ड यांनी घालून दिलेली पद्धत आहे. मी ती आठवड्यातून एकदा पाळू लागले आणि लगेच लक्षात आले की गळ्यात मॅक्रो लेन्स असेल तर मोजणी होत नाही. एका निळ्या फुलपाखरासमोर गुडघे टेकले की पुढची सहा निघून जातात. त्यामुळे मोजणीच्या दिवशी कॅमेरा घरी राहतो आणि चित्रांच्या दिवशी मी आकडे लिहीत नाही. फक्त तारीख, वेळ, वनस्पती आणि पानाची कोणती बाजू एवढे टिपते.

ज्याच्याकडे आधीच तीनशे-चारशे मिलीमीटरची जवळून फोकस होणारी लेन्स आहे आणि ज्याला उडती-बसती मोठी फुलपाखरेच टिपायची आहेत, त्याने मॅक्रो लेन्स घेण्याची घाई करू नये. झूमच्या पुढे +२ डायॉप्टरची (चष्म्याच्या नंबराचेच माप) क्लोज-अप काच लावली तरी सुमारे अर्ध्या मीटरवरून बरीच कामे होतात. ज्याला अंड्यापासून कोषापर्यंत एकाच झाडाशी महिनोन्महिने जायचे आहे त्याने जरूर घ्यावी. माझ्या पिशवीत आता दोन्ही असतात. ऊन चढेपर्यंत मॅक्रो, नंतर झूम, आणि रुईची ओळखीची झुडपे आली की पुन्हा मॅक्रो. आजच सकाळी तिथल्या एका पानामागे दोन नवी अंडी दिसली आहेत. गेल्या वेळचा हिशेब धरला तर परवा उजाडताच तिथे असायला हवे.