रिपोर्टवर ‘नॉर्मल’, पण ग्रंथीच नाही : दोन सेवांचा अनुभव

पीएसए, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणारं प्रथिन, ०.२१. शेजारी मर्यादा ० ते ४. त्याच्या पुढे हिरव्या अक्षरांत ‘नॉर्मल’. घरी येऊन रक्त नेणाऱ्या लॅबचा हा रिपोर्ट जुलै २०२५ मध्ये मोबाइलवर आला, तेव्हा आमची ही म्हणाली, “बघा, उगाच जिवाला घोर लावून घेतला होतात.” तिची काही चूक नाही. पण ती ० ते ४ ची मर्यादा ज्यांच्या शरीरात प्रोस्टेट शाबूत आहे त्यांच्यासाठी. माझी कॅन्सरमुळे फेब्रुवारी २०२० मध्ये काढली. ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यात हा आकडा मोजता येऊ नये इतका खाली जायला हवा, आणि माझा तसा गेलाही होता. काढलेल्या माणसात तो पुन्हा ०.२ झाला आणि दुसऱ्या तपासणीतही तेवढा किंवा जास्त आला, की आजार परतला असं धरतात.

लॅबला फोन केला. “सर, सिस्टिममध्ये तसंच येतं.” ऑपरेशन झालंय हे फॉर्मवर कुठं लिहायचं, विचारलं. तशी जागाच नाही म्हणे. रक्त घेणारा पोरगा मात्र सकाळी सातच्या ठोक्याला दारात, एका टोचण्यात काम, हाताला काळंनिळंसुद्धा झालं नाही. लॅबला माझे दोन तारे आहेत ते दोन्ही त्याचे. महिन्याने तिथेच परत तपासलं, कारण मशीन बदललं की दशांशातला फरक खरा की खोटा ते कळत नाही. ०.२२ आला. पुन्हा हिरवा, पुन्हा नॉर्मल.

ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्या ऑफिसला रिपोर्ट पाठवला. उत्तर आलं, ‘तीन महिन्यांनी बघू’, आणि पुढे अंगठा. सल्ला कदाचित बरोबरही असेल, पण अंगठा पाहून मला झोप लागेना. म्हणून डेक्कनवरच्या एका रेडिएशनवाल्या डॉक्टर मॅडमकडे सेकंड ओपिनियनला गेलो. खरा रिव्ह्यू त्यांचा.

आधी तक्रारी. अकराची वेळ, नंबर लागला एक वाजायला दहा मिनिटं असताना. पार्किंग नाही. आणि रिसेप्शनवरच्या बाईंनी भरल्या हॉलमध्ये “प्रोस्टेटवाले काका कोण?” असा पुकारा केला, तेव्हा आम्ही तिघं उठलो. हसायला आलं ते नंतर, घरी.

आत गेल्यावर मात्र चाळीस मिनिटं. मी पिंपरीला एका कारखान्यात तेहतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, त्यामुळे अप्पा बळवंत चौकातून सेमीलॉग कागद आणून आकडे मांडून नेले होते: जून २०२३ ला ०.०६, फेब्रुवारी २०२४ ला ०.०९, नोव्हेंबरला ०.१४, मग ०.२१. त्या कागदावर दामदुपटीने वाढणारी गोष्ट सरळ रेषेत येते. माझे चारही ठिपके पट्टी लावल्यासारखे रेषेवर. मॅडमनी कागद उजेडाला धरला, माझीच पट्टी मागून घेतली आणि दुपटीला किती महिने लागतात ते मोजलं. पावणेचौदा. “काका, ०.२१ पेक्षा हा आकडा महत्त्वाचा,” म्हणाल्या.

मग तीन गोष्टी विचारल्या. दुप्पट व्हायला किती वेळ, ऑपरेशननंतर आजार किती वर्षांनी परतला, आणि काढलेल्या ग्रंथीचा ग्लीसन (कॅन्सर किती आक्रमक दिसतो त्याचा अंक) किती. तीन महिन्यांच्या आत दुप्पट होणारा पीएसए, तीन वर्षांच्या आत परतलेला आजार, ८ ते १० ग्लीसन, ही वाईट चिन्हं. माझं साडेपाच वर्षांनी, ग्लीसन ३+४, म्हणजे ७. म्हणजे बऱ्या गटात.

हिने सरळ विचारलं, “म्हणजे किती वर्षं?” असं विचारलं की डॉक्टर वर बघतात असा माझा अनुभव. मॅडमनी फाइलच्या पाठीवर लिहून दिलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधला अभ्यास, १९९९ साली छापलेला. १,९९७ जणांचं ऑपरेशन, त्यांतल्या ३१५ जणांचा पीएसए परत वाढला. लगेच हार्मोनचे उपचार न घेतलेल्यांत, अभ्यास संपेपर्यंत साधारण एक तृतीयांश लोकांतच आजार दूरवर पसरलेला दिसला. पीएसए वाढल्यापासून पसरेपर्यंतचा मधला काळ ८ वर्षं, आणि पसरल्यापासून मृत्यूपर्यंतचा ५ वर्षं. हिने मनातल्या मनात बेरीज केली असणार. “म्हणजे यांच्या ऐंशीपर्यंत.” मी सदुसष्ट. “काकू, असं जोडायचं नाही,” मॅडम म्हणाल्या. मधला आकडा म्हणजे कुणा एकाची तारीख नव्हे, आणि त्या काळी आजचे स्कॅन नव्हते, आजची औषधंही नव्हती. मग माझी फाइल उलटत एचबीएवनसीवर (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर) थांबल्या. ८.१. “ही शुगर आधी आटोक्यात आणा. अशा संथ आजारातले पुष्कळ लोक शेवटी हृदयाने जातात.” कॅन्सरवरच्या सल्ल्याला गेलो आणि बोलणी खाल्ली ती जिलबीवरून.

पुढचं थोडक्यात. ग्रंथी होती त्या जागेवर रेडिएशन घेता येतं, घ्यायचं तर पीएसए ०.५ च्या आत असताना, जितकं लवकर तितकं बरं. जवळपास साडेसहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, मूत्राशय भरलेलं आणि पोट साफ ठेवून. त्रासही सांगितले, न विचारता: वारंवार लघवीला लागणं, शौचातून रक्त, आणि थांबलेली लघवीची गळती पुन्हा सुरू होण्याची शक्यता. (आठ महिने पॅड वापरलेल्या माणसाला हे शेवटचं वाक्य फार लागतं.) पीएसएमए पेट स्कॅनचं (प्रोस्टेटचा कॅन्सर शरीरात कुठे आहे ते शोधणारा स्कॅन) विचारलं तर म्हणाल्या, या पातळीला पुष्कळदा काहीच दिसत नाही, आणि दिसलं नाही म्हणजे नाही असं समजू नका. माझ्यासारख्या संथ आजारात थोडं थांबून नजर ठेवणं हाही पर्याय आहे. “दोन्हींतलं एक तुम्ही निवडा, मी दोन्हींत सोबत आहे.” फी दीड हजार. पावती मागावी लागली नाही.

मॅडमना साडेचार तारे. अर्धा त्या पुकाऱ्याचा कापला.

जाणार असाल तर पॅथॉलॉजीचा मूळ रिपोर्ट न्या, नुसती डिस्चार्ज समरी चालत नाही. सगळे पीएसए तारखेनिशी एका कागदावर लिहून न्या. आणि नवराबायको दोघंही जा, कारण मला त्या दिवशीचं निम्मं आठवत नव्हतं, हिने सगळं पिशवीतल्या वाणसामानाच्या यादीमागे लिहून घेतलं होतं. माझं पुढचं रक्त नोव्हेंबरमध्ये, त्याच लॅबकडे, त्याच पोराच्या हातून. रेषेवर आलं तर ०.२५ च्या आसपास यायला हवं. ०.३ दिसलं तर रेडिएशनची तारीख घ्यायची, एवढं आम्ही दोघांनी ठरवलंय.