चीनमधून दत्तक घेण्याची सेवा : आमच्या सहा वर्षांचा अनुभव

अमेरिकेतल्या एका परवानाधारक दत्तक एजन्सीच्या चीन विभागात आम्ही मार्च २०१८ मध्ये नाव नोंदवलं. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी आमची फाइल बंद केली. मूल घरी आलं नाही. अशा एजन्सीकडे जायचं का, असं विचारणारे मराठी जोडप्यांचे फोन मला अजून येतात आणि फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कागदपत्रांच्या कामात यांना तोड नाही. होम स्टडीला, म्हणजे आमच्या घराची आणि कुटुंबाची पाहणी करायला, आलेल्या समाजसेविकेने आमचा पगार, भांडणं, माझे दोन गर्भपात आणि त्यानंतरचं वर्ष, सगळं विचारलं. पण एकदाही अवघडल्यासारखं वाटलं नाही. डॉसियरमधला, म्हणजे चीनला पाठवायच्या आमच्या अर्जाच्या गठ्ठ्यातला, प्रत्येक कागद तेव्हा आधी नोटरीकडे, मग सरकारी शिक्क्यांसाठी, मग चिनी वकिलातीत जायचा. आमचा एकही परत आला नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये एका मुलीची माहिती आली. वय सहा, ओठ आणि टाळू दुभंगलेले, एक ऑपरेशन झालेलं, दुसरं बाकी. तिचं नाव किंवा संस्थेचं गाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या डॉक्टरांचे प्रश्न एजन्सीने चीनला पाठवले आणि दहा दिवसांत उत्तरं आणून दिली. मार्च २०२० ची विमानाची तिकिटं हातात होती. त्याआधीच करोनामुळे चीनने सगळ्यांचेच प्रवास थांबवले.

पुढची चार वर्षं दर महिन्याला एकच मजकूर यायचा : लवकरच सुरू होईल. दत्तक घ्यायला अमेरिकी सरकारने दिलेली आमची मंजुरी पंधरा महिन्यांनी संपायची. मग पुन्हा होम स्टडीची दुरुस्ती, पुन्हा बोटांचे ठसे, माणशी ८५ डॉलर. पैशाचं मला दुःख नाही. पण अमेरिकी परराष्ट्र खातं दर वर्षी आकडे जाहीर करतं, ते मी स्वतः शोधून वाचले. चीनमधून २०१९ च्या आर्थिक वर्षात ८१९ मुलं आली, पुढच्या वर्षी २०२, त्यानंतर सलग दोन वर्षं एकही नाही. ज्यांचा धंदाच हा आहे त्यांना हे ठाऊक नसणार का? ‘लवकरच’ लिहिताना हे आकडे आमच्यासमोर ठेवायला हवे होते.

सुरुवातीच्या प्रशिक्षणात चीनचा इतिहास एका स्लाइडमध्ये संपला : एक मूल धोरण, टाकून दिलेल्या मुली. १९९२ पासून १,६०,००० हून जास्त मुलं परदेशी गेली, त्यातली ८२,००० च्या आसपास अमेरिकेत, हे अभिमानाने सांगितलं. हूनान प्रांताचं नावही निघालं नाही. तिथे हेंगयांग परिसरातल्या अनाथालयांनी दलालांकडून बाळं विकत घेतल्याचं २००५ मध्ये उघड झालं आणि २००६ मध्ये शिक्षा झाल्या. त्याच प्रांतातल्या लोंगहुईमध्ये कुटुंबनियोजन अधिकाऱ्यांनी आईबापांकडून बाळं काढून नेल्याची बातमी ‘कायशिन’ या चिनी वृत्तसंस्थेने २०११ मध्ये छापली. परदेशी कुटुंबाने अनाथालयाला ३५,००० युआन देणगी द्यायची पद्धत होती, हे यासोबत वाचलं की पोटात गोळा येतो.

मी समन्वयक बाईंना विचारलं, “हिच्या कागदावर ‘बाजाराच्या दाराशी सापडली’ असं लिहिलंय, ते कोणी तपासलं?” त्या म्हणाल्या, “चीन सरकारने दिलेला कागद आम्ही मान्य करतो.” उत्तर खरं होतं. ते पहिल्या भेटीत मिळायला हवं होतं, चौथ्या वर्षी नव्हे.

तरीही या मुलीला तिच्या देशात कोणी न्यायला आलं नव्हतं, हेही मी विसरू शकत नाही. परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय हेग करार सांगतो की आधी मुलाच्या स्वतःच्या देशात कुटुंब शोधा, न मिळालं तर बाहेर. मला ते पटतं. पण सहा वर्षांच्या, अर्धवट उपचार झालेल्या मुलीसाठी तो शोध झाला की नाही, हे मला आजही कोणी सांगितलेलं नाही.

५ सप्टेंबर २०२४ ला चीनच्या परराष्ट्र प्रवक्त्या माओ निंग यांनी परदेशी दत्तक बंद झाल्याचं जाहीर केलं. अपवाद फक्त सावत्र मुलांचा आणि तीन पिढ्यांच्या आतल्या नात्यातल्या मुलांचा. एजन्सीने आठवड्याभरात आम्हाला लोकप्रतिनिधींना पाठवायच्या पत्राचा नमुना दिला. मी पत्र लिहिलं, मनापासून लिहिलं. ज्या मुलांना कुटुंब ठरल्याचं सांगून झालं होतं, त्यांच्यापुरता तरी शब्द पाळावा, असं मला आजही वाटतं. मग एजन्सीने मोहिमेसाठी मुलीचा फोटो मागितला. खाली लिहायचं होतं, ‘आमच्या मुलांना घरी पाठवा.’ मी नाही म्हणाले. ती कायद्याने आमची झालेली नव्हती. ओठावरच्या व्रणासकट तिचा चेहरा राजधानीत फलकावर लावायला तिला कोणी विचारलं होतं? २०१२ मध्ये रशियन अधिकाऱ्यांवर निर्बंध घालणाऱ्या अमेरिकेच्या मॅग्निट्स्की कायद्याला उत्तर म्हणून रशियाने अमेरिकनांना दत्तक देणं बंद केलं, तेव्हा भेटी झालेली मुलंही मागे राहिली. रोमानियाने २००१ मध्ये स्थगिती आणली, तेव्हा एका बाजूने दत्तक थांबवायला युरोपीय संघाचा दाब होता, दुसऱ्या बाजूने चालू ठेवायला अमेरिकेचा. या एजन्सीसमोरच हे सगळं घडलं आहे. मुलांना पुढे करून दोन सरकारं भांडायला लागली की काय होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? नकारानंतर समन्वयक बाईंचे फोन थांबले.

हिशेब मात्र चोख. प्रवासाची आणि दत्तकानंतर द्यायच्या अहवालांची अनामत पूर्ण परत आली.

मी पाचपैकी दोन तारे देते आहे. तीन तारे मी एका गोष्टीपायी कापले. नोव्हेंबर २०१९ मध्ये, अंतिम परवानगी यायच्या आधी, एजन्सीने आमच्याकडून फोटोंचा अल्बम करून घेतला. प्रत्येक फोटोखाली चिनी अक्षरांत आई, बाबा, तुझी खोली. तो तिला दिला गेला. मला फोटो आला होता : अल्बम मांडीवर, बोट माझ्या चेहऱ्यावर. आम्ही तेव्हा आनंदाने रडलो, एवढी घाई कशाला हे विचारलं नाही.

फाइल बंद झाल्यावर मी त्यांच्या दुभाष्या बाईंना फोन केला. सहा वर्षांत सगळ्यात सरळ त्याच बोलल्या. आम्ही येणार नाही हे तिला कोणी सांगितलं का, असं विचारलं. त्यांनी संस्थेला दोनदा विचारलं होतं. उत्तर आलेलं नाही. दुसरं ऑपरेशन झालं की नाही, तेही कळलेलं नाही.