जुनी डीआय पिकअप: इंजिन टिकतं, हौदा जातो

आमच्या देवगड तालुक्यात जुनी पिकअप विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "इंजिनाचा टेन्शन घेव नको." आणि गंमत म्हणजे बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. थापा मारतो त्या बाकीच्या गाडीबद्दल.

माझ्याकडे महिंद्राची जुनी डीआय पिकअप आहे. एमएच ०७ पासिंग, बीएस ३ या जुन्या प्रदूषण नियमांच्या काळातली, मी तिसरा मालक. मार्च ते मे आंबा, पावसाळा संपून होड्या बाहेर पडल्या की मासळी, आणि मधल्या दिवसांत चिरे, खत, मंडपाचं सामान, जे भाडं येईल ते. हल्ली नवीन पोरं धंद्यात येताना विचारतात, नव्या गाडीचा हप्ता घेऊ की जुनी डीआय बघू? प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी इंजिनाचं. २५२३ सीसी, चार सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन (डीआय म्हणतात ते हेच), टर्बो, ताकद ६३ हॉर्सपॉवर. एवढ्या मोठ्या इंजिनाला ६३ म्हणजे आजच्या हिशेबाने हसण्यासारखा आकडा. पण बोअर आणि स्ट्रोक, म्हणजे सिलिंडरची रुंदी आणि पिस्टनची धाव बघा: ८८.९ आणि १०१.६ मिलिमीटर. इंचात केलं तर बरोब्बर साडेतीन आणि चार. या इंजिनाचं खानदान ट्रॅक्टरचं आहे. १९६३ साली महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत ट्रॅक्टरची कंपनी काढली होती, ती पुढे १९७७ मध्ये महिंद्रातच विलीन झाली. त्या घराण्यातलं हे इंजिन. जाड ओतीव लोखंड, कमी आरपीएम, लांब स्ट्रोक. त्यामुळे पळायला आळशी, पण ओढायला बसलं की ओढतं. बागेतून आंबा भरून चढणीच्या कच्च्या रस्त्याने बाहेर पडताना पहिल्या गिअरवर क्लच सोडायचा आणि ॲक्सिलरेटरला जेमतेम पाय लावायचा, गाडी आपली आपण वर येते.

टाटा २०७ डीआयवाले लगेच भांडायला येतील, म्हणून त्यांचंही बोलतो. त्यांचं ४९७ इंजिन, म्हणजे चार सिलिंडर आणि ९७ मिलिमीटर बोअर, २९५६ सीसी. ओढण्यात ते माझ्या इंजिनापेक्षा सरस, हे मी मान्य करतो, घाटात मागून येऊन हॉर्न मारतात तेव्हा तर करावंच लागतं. शिवाय ४०७ ट्रकलाही ४९७च असल्यामुळे सामान कणकवलीपासून कोल्हापूरपर्यंत कुठेही. ४०७ तर १९८६ पासून रस्त्यावर आहे, तेव्हा त्या इंजिनावर हात बसलेला मिस्त्री प्रत्येक नाक्यावर सापडतो. ट्रॅक्सवाल्यांचं मर्सिडीज घराण्याचं इंजिनही चिवट, पण ते मी स्वतः चालवलेलं नाही, त्यामुळे त्यावर गप्प बसतो.

आता "ही इंजिनं कधी बंद पडत नाहीत" या दंतकथेबद्दल. पडतात. चांगली पडतात. माझी फोंडा घाटात रात्री मासळी भरलेली असताना पडली आहे. फरक एवढाच की पडल्यावर काय करायचं ते हातात असतं. त्या रात्री टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या रबरी पायपाला क्लिपजवळ चीर गेली होती आणि पंपाने हवा धरली होती. बॅटरीच्या उजेडात चिरलेलं टोक कापलं, पाइप पुढे ओढून क्लिप परत आवळली. मग फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर दाबत बसलो. आधी नुसता फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग एकदम स्वच्छ डिझेलची धार. धार आली की दाबता दाबताच स्क्रू बंद करायचा. मग सतराचा पाना घेऊन नोझलच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्यांच्या, पाइपांचे नट अर्धा आटा सैल करायचे, क्लीनरला सेल्फ मारायला सांगायचं, डिझेल उडालं की एकेक नट घट्ट. दोन सिलिंडर पकडले की इंजिन खोकत खोकत सुरू होतं आणि बाकीचे दोन मागून येतात. हात डिझेलने माखले, शर्ट गेला, पण सुरमई वेळेत कोल्हापूरला पोचली.

माझ्या मावसभावाची नवी कॉमन रेल गाडी, म्हणजे जास्त दाबाने आणि इलेक्ट्रॉनिक हुकमावर डिझेल फवारणारी, कंपनीचं नाव घेत नाही, गगनबावड्याच्या अलीकडे अशीच थांबली. डॅशबोर्डवर पिवळा दिवा, सेल्फ फिरतो, इंजिन पकडत नाही. ती गाडी दोरी लावून कोल्हापूरला न्यावी लागली, तिथे स्कॅनर लावल्यावर सेन्सरचा दोष निघाला. सेन्सर बदलायला वेळ लागला नाही, पण तोवर आंबा गाडीत तापला. पेटीमागे भाव पाडून द्यावा लागला.

यात नव्या इंजिनाची चूक काढायची नाही. जुन्या डीआयचं नोझल साधारण अडीचशे बारच्या आतबाहेर उघडतं, कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या वर असतो. एवढ्या दाबाने बारीक फवारा होतो म्हणून नवी गाडी कमी धूर, कमी आवाज आणि जास्त ॲव्हरेज देते. पण तोच दाब डिझेलमधल्या पाण्याच्या थेंबाला माफ करत नाही, आणि आमच्याकडे चार महिने हवेतच पाणी असतं. जुना मेकॅनिकल पंप त्या मानाने सोशिक. त्याला इलेक्ट्रॉनिक डोकं नाही. ज्या गाड्यांना इंजिन बंद करायला खेचायची केबल आहे, त्यांना एकदा सुरू झाल्यावर चालायला विजेचीही गरज नाही. बॅटरी मेलेली असली तरी उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये सोडून सुरू होते. आमच्या अख्ख्या वाडीत जुन्या गाड्या रात्री उतारावरच लावलेल्या दिसतील.

इंजिनाचा खरा शत्रू आहे गरमी. आंबा घेऊन एप्रिलच्या दुपारी करूळचा घाट चढायचा म्हणजे काटा वर सरकतोच. आपल्या लोकांची सवय अशी की रेडिएटर रिकामा झाला की व्हाळाचं पाणी ओतायचं. मग आत गंज आणि गाळ साचतो, नळ्या बुजतात, पुढच्या घाटात गाडी आणखी तापते आणि एक दिवस हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाखालचं (हेडखालचं) पॅकिंग, उडतं. मग लोक म्हणतात डीआयचं हेड नाजूक. हेड नाजूक नाही हो, रेडिएटर बुजलाय! कूलंट घाला, दर उन्हाळ्याआधी रेडिएटर खोलून साफ करून घ्या, पंख्याचा पट्टा बघा. आणि गाडी तापलीच तर बाजूला घ्या आणि थांबा. आमचे मिस्त्री एकदा माझ्या हातातली बाटली काढून घेत म्हणाले होते, "आत्ता पाणी ओतलंस तर हेड फुटतला. चाय पी आदी." तेव्हापासून घाटात तापली की मी चहाच पितो.

इंजिन बांधायची, म्हणजे पूर्ण खोलून झिजलेलं सामान बदलायची, वेळ येतेच, पण बांधता येतं हेच तर मोल आहे. स्लीव्ह, पिस्टन, रिंगा, बेअरिंग, हेडला लेथवर फेसिंग, नोझल-पंप टेस्टिंगला, सगळं कणकवलीत होतं. फक्त सामान डोळे उघडे ठेवून घ्या. रिंगा स्वस्त मिळतात म्हणून एका दुकानातून कोऱ्या पाकिटातला माल एका ओळखीच्याने घेतला, तर वर्षाच्या आत गाडी परत ऑइल खायला लागली. मिस्त्रीची मजुरी दोनदा गेली.

आता हौदा, म्हणजे मागची माल भरायची जागा. इथे मी या गाडीला पाचपैकी दोनच गुण देईन, आणि तेही समुद्राचा दोष वजा करून. मासळीच्या खोक्यांतून बर्फाचं खारट पाणी ठिबकतं, हौद्याच्या पत्र्याखाली जातं, तिथून चेसिसवर. खाऱ्या हवेत तो ओलावा सुकत नाही. वरून रंग चकचकीत आणि खाली पत्रा पापडासारखा, अशा गाड्या मी डझनाने बघितल्यात. माझ्या गाडीचा हौद्याचा तळ एकदा बदलून झाला आहे आणि परत त्याच वाटेवर आहे. उपाय साधा आणि कंटाळवाणा: मासळीची फेरी झाली की घरी येऊन गोड्या पाण्याने खालून धुवायचं, झोप आलेली असली तरी. पावसाआधी चेसिसला जळकं ऑइल फासणारे पुष्कळ आहेत, मीही फासतो. वास येतो, कपडे खराब होतात, पण पाट्यांचे (स्प्रिंगांचे) कान, म्हणजे त्या चेसिसला जोडतात ते जोड, तरी वाचतात.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा इंजिनाच्या आवाजावर भाळू नका. विकणाऱ्याला न सांगता सकाळी लवकर जा आणि बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर त्याने आधीच सुरू करून ठेवली आहे, म्हणजे थंड स्टार्ट त्याला तुम्हाला दाखवायचा नाही. सुरू झाल्यावर पांढरट धूर थोडा वेळ चालेल, निळा चालणार नाही. ऑइलचं झाकण काढून बघा. फस् फस् करून वाफ जोरात बाहेर येत असेल तर रिंगा गेल्या, आमच्याकडे त्याला "बॅक कॉम्प्रेशन मारते" म्हणतात. पण हे सगळं दुय्यम. मुख्य काम गाडीखाली आहे. छोटा हातोडा घेऊन खाली सरपटत जा आणि मागच्या पाट्यांचे कान चेसिसला जोडलेत तिथे ठोका. टणटण वाजलं तर ठीक. बद्द वाजलं किंवा गंजाचा चुरा पडला, तर मालकाला नमस्कार करून घरी या, इंजिन कितीही गोड वाजत असलं तरी. चेसिसला जोडपट्टी मारलेली गाडी चिरे भरून घाटात न्यायची हिंमत मी करणार नाही. एक चिरा तीसेक किलोचा, हौदाभर चिरे म्हणजे हिशेब तुम्हीच करा.

कागदाचं थोडक्यात. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी आणि पर्यावरण कर वेगळा. पंधरा वर्षांवर फिटनेसची फी आणखी चढते. विकणारा हे सांगत नाही. गाडीच्या किमतीत हे धरा, नाहीतर स्वस्त गाडी दुसऱ्या वर्षी महाग पडते.

ॲव्हरेज माझी भरून अकरा-बारा देते, रिकामी चौदापर्यंत. आवाज आहेच, केबिनमध्ये फोनवर बोलता येत नाही. महिन्याला वाशीच्या बऱ्याच फेऱ्या ज्याला मारायच्या आहेत त्याने सरळ नवी घ्यावी. मुंबई-गोवा महामार्गावर चौपदरी पट्टा लागला की ६३ हॉर्सपॉवरचा कंटाळा येतो, आणि डिझेलमध्ये वाचलेल्या पैशांत हप्त्याचा बराचसा भाग निघतो. ज्याचं भाडं तालुक्यात, फार तर कोल्हापूरपर्यंत आहे, आणि ज्याला पाना हातात धरायचा कंटाळा नाही, त्याने जुनी डीआय बिनधास्त घ्यावी. चेसिस चांगली असेल तर इंजिन बांधायला आलेलं असलं तरी चालेल. त्या नावाखाली किंमत पाडून मागा, विकणाराही जास्त ताणून धरत नाही, कारण त्याचा सगळा भरवसा तुम्ही फक्त इंजिन बघाल यावरच असतो.