टॉमकॅटचं जकार्ता मायग्रेशन टूल : प्रॉडक्शनवर काही महिने काढल्यानंतर

स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कच्या २.७ आवृत्तीचा मोफत सपोर्ट नोव्हेंबर २०२३ मध्ये संपला, तेव्हा कुठे आमच्याकडे ३ वर जायची हालचाल सुरू झाली. स्वतःचा कोड बदलणं जड नव्हतं. घोडं अडलं एका जुन्या रिपोर्टिंग जारपाशी (जार म्हणजे जावा कोडचं तयार पॅकेज). ती देणाऱ्या कंपनीने प्रॉडक्टच गुंडाळलंय. सोर्स नाही, सपोर्ट नाही.

या अडचणीचं मूळ तांत्रिक नाहीच. ओरॅकलने जावा ईई (सर्व्हरवरच्या जावाची मानकं) एक्लिप्स फाउंडेशनला दिलं, पण जावा हा ट्रेडमार्क स्वतःकडे ठेवला. त्यामुळे नाव जकार्ता ईई झालं आणि २०२० च्या जकार्ता ईई ९ मध्ये ‘जावाएक्स.सर्व्हलेट’ या पॅकेजचं ‘जकार्ता.सर्व्हलेट’ झालं. काम तेच, पण जेव्हीएमच्या (जावा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) लेखी हा दुसराच क्लास. जुनी जार टॉमकॅट १० या जावा वेब सर्व्हरवर टाकली की ‘क्लास सापडत नाही’ ही क्लासनॉटफाउंड एरर ठरलेली.

टॉमकॅटचं मायग्रेशन टूल थेट बाइटकोडमध्येच (कंपाइल झालेल्या कोडमध्ये) ही नावं बदलतं. कमांड लाइनवर जुनी फाइल द्यायची, नवीचं नाव द्यायचं, झालं. सरसकट शोधा-बदला करत नाही हे विशेष: जावाएक्स.एसक्यूएल, जावाएक्स.क्रिप्टो ही पॅकेजेस जेडीकेची (मूळ जावा किटची), त्यांना हात लावत नाही. वॉर फाइल (वेब ॲपचं पॅकेज) ‘वेबॲप्स-जावाईई’ फोल्डरमध्ये टाकली तर टॉमकॅट स्वतःच रूपांतर करतो. चाचणीला हे झकास. प्रॉडक्शनवर मात्र मी ते ठेवणार नाही. रूपांतर बिल्डमध्येच व्हावं, म्हणजे जे टेस्ट केलं तेच सर्व्हरवर जातं. बदललेली जार नेक्ससवर (जार साठवायच्या सर्व्हरवर) वेगळ्या व्हर्जनने ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी कोणती कुठली यावर वाद.

आता खरी मेख. टूल फक्त नावं बदलतं. टॉमकॅट १०.१ मधल्या सर्व्हलेट ६.० ने वर्षानुवर्षं ‘डेप्रिकेटेड’ (वापरू नका असं सांगितलेल्या) मेथड्स काढूनच टाकल्या. आमची जार ‘एन्कोडयूआरएल’ची जुनी, शेवटी छोटे ‘आरएल’ असलेली मेथड बोलवत होती. रूपांतर बिनतक्रार, ॲप्लिकेशन चालू, आणि एका विशिष्ट रिपोर्टच्या लिंकवर क्लिक केलं की नोसचमेथडएरर, म्हणजे अशी मेथडच नाही. सुरुवातीच्या लॉगमध्ये याचा मागमूस नाही. शेवटी जारच्या बाइटकोडमध्येच तो कॉल नव्या ‘एन्कोडयूआरएल’कडे वळवला. जुगाडच, पण तेव्हापासून बिनबोभाट चाललंय. जारवर डिजिटल सही असेल तर तीही रूपांतरानंतर टिकत नाही; सिक्युरिटीवाल्यांना आधीच सांगून ठेवा.

सोर्स हातात असेल तर या वाटेला जाऊच नका. ओपनरीराइट (सोर्स आपोआप बदलणारं टूल) लावून सोर्सच बदला, निदान पुढच्या माणसाला डीबग करता येईल.