वारा मोजायचं यंत्र: आधी दोन स्टार दिले होते, आता चार

जूनमध्ये वाऱ्याने गच्चीवरच्या भाज्यांवरची शेडनेट फाटली, तेव्हा रागाच्या भरात हे यंत्र मागवलं. तीन वाट्यांचं भिरभिरं, दिशा दाखवणारं शेपूट आणि हॉलमध्ये ठेवायचा डिस्प्ले. किंमत साडेसात हजार. 'एवढ्यात चार शेडनेट आल्या असत्या' हे घरात तीनदा ऐकून झालं.

सोबतचा क्लॅम्प आपल्या एक इंची जीआय पाइपला बसत नाही, सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून आवळावा लागतो. आकडे मैलांत येतात. किलोमीटरचं बटण शोधण्यात एक संध्याकाळ गेली.

मग खरा वैताग. ताशी 4, लगेच 14, मग शून्य. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतोय हे कोथरूडमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं, आणि शेपूट म्हणतंय पूर्वेकडून. दोन स्टार देऊन मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी पूजेची उदबत्ती घेऊन वर गेले. पाइप पश्चिमेच्या कठड्याच्या आत, टाकीला टेकून बांधला होता. तिथे उदबत्ती धरली तर धूर उलटा, कठड्याकडे निघाला. कठड्यापाशी वर चढला आणि कठड्याच्या वर डोकं काढताच झपकन पूर्वेला पळाला. म्हणजे वारा भिंतीला आपटून वर चढतो, कठड्यावरून सुटला की गच्चीला न टेकता पुढे जातो, आणि मागे राहिलेल्या पोकळीत हवा गोल फिरत बसते. यंत्र बिचारं खरं सांगत होतं. त्या भोवऱ्यात वारा पूर्वेचाच होता!

हवामानवाले वारा मोकळ्या जागी, जमिनीपासून 10 मीटरवर आणि अडथळ्याच्या उंचीच्या निदान 10 पट लांब मोजतात. आमची टाकी 6 फूट, म्हणजे 60 फूट लांब जायला हवं. अख्खी गच्ची 40 फूट.

रविवारी पाइपसकट वेताळ टेकडीवर गेले. (फिरायला आलेले लोक बघत होते, बघू देत.) माथ्यावर आकडा 17 ते 21, शेपूट जवळपास स्थिर. खाणीच्या कडेला गेले, तर पुन्हा गच्चीसारखा धिंगाणा, फक्त भोवरा मोठा. टाकी आपल्या मापाचा भोवरा करते, इमारत तिच्या, टेकडी टेकडीच्या. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहानांचे आणखी लहान, शेवटी मिलिमीटरभर उरले की हवेच्या चिकटपणाने विरून त्यांची उष्णता होते. कोल्मोगोरोव्ह नावाच्या रशियन गणितज्ञाने 1941 मध्ये याचा हिशोब मांडला. त्यात ऊन पडलं की पत्रे आणि डांबर तापतात, झाडी तेवढी तापत नाही, आणि गरम हवा गोळ्यागोळ्याने वर सुटते. टेकडीवर घारी पंख न हलवता चढतात त्या त्यावरच. अशा गावात 'आज पुण्यात वारा ताशी 15' या आकड्यावर माझ्या टोमॅटोंनी काय करायचं?

पाचवा स्टार कापलाय तो वाट्यांसाठी. झोत आला की त्या पटकन वेग घेतात, ओसरला की हळू थांबतात, त्यामुळे भणभणत्या वाऱ्यात सरासरी थोडी जास्तच दिसते. वर-खाली जाणारा वारा तर यात मोजलाच जात नाही. त्यासाठी संशोधक आवाजाच्या लहरींवर चालणारं यंत्र लावतात, ते आपल्या खिशाबाहेरचं.

आता पाइप टाकीच्या वर 8 फूट नेलाय. आकडे पुष्कळ शहाण्यासारखे येतात. नवी शेडनेट कठड्याच्या खाली उतरवून बांधली, टाकीकडचा कोपरा तरी फडफडतोच, म्हणून तिथल्या मिरच्या हलवल्या. घेणार असाल तर ट्यूबची पट्टी आधीच आणून ठेवा. आमच्या पंक्चरवाल्याने फुकट दिली.